माळकरी वडिलांबरोबर पहिली वाईन टूर

डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात भावाचा फोन आला. दोन एकरांवरची जुनी थॉमसनची, म्हणजे खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षांची, बाग यंदाचा माल निघाला की काढायची आणि तिथं वाईनची द्राक्षं लावायची, असा त्याचा विचार होता. एका वायनरीशी कराराचं बोलणंही सुरू होतं. नाना, म्हणजे आमचे वडील, मात्र त्या विषयावर बोलायलाच तयार नव्हते. "ताई, तू एकदा बोलून बघ," एवढंच तो म्हणाला.

आमचं गाव निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतच्या जवळ. नानांनी चाळीस वर्षं द्राक्षं केली. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आषाढीची वारी आहे, आणि आमच्या घरात वाईन हा वेगळा शब्दच नव्हता. जे काही होतं ते सगळं दारू. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा सरकारचा निर्णय आला, तेव्हा भाऊ आणि नाना आठवडाभर एकमेकांशी नीट बोलत नव्हते. नानांच्या विरोधाला दुसरंही कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आमच्याच तालुक्यात विंचूरला वाईन पार्क झालं, आणि आजूबाजूच्या कितीतरी जणांनी वाईनच्या जाती लावल्या. २००८-०९ च्या मंदीत माल उचलला गेला नाही. लोकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. नानांच्या दोन मित्रांच्या बागा त्यात गेल्या.

मी पुण्यात राहते, बँकेत नोकरी करते. वाईनमधलं मला काहीही कळत नव्हतं. पण ज्या गोष्टीवरून घरात एवढा वाद आहे ती आपल्यापैकी कोणी पाहिलेलीच नाही, हे मला खटकत होतं. म्हणून नानांना म्हटलं, "लावायचं की नाही ते नंतर ठरवू. द्राक्षाचं पुढं काय होतं ते तरी बघून येऊ." त्यांनी दोन दिवसांनी होकार दिला. अट एकच होती, की ते एक थेंबही घेणार नाहीत आणि त्यांना कोणी आग्रह करायचा नाही.

बुकिंग करताना पहिली अडचण आली. मी ऑनलाइन २६ जानेवारी निवडली, कारण तो रविवार होता आणि सगळ्यांना सुट्टी. पैसे भरायच्या आधी सहज फोन करून विचारलं, तर उत्तर मिळालं की तो ड्राय डे आहे. बाग दाखवू, पण टेस्टिंग होणार नाही. ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. तुम्ही तारीख ठरवाल तेव्हा ड्राय डे आधी तपासा. निवडणुका असतील तर मतदानाच्या आधीचे दिवसही धरा. पुढचे दोन्ही शनिवार-रविवार भरलेले होते, त्यामुळं शुक्रवार, ७ फेब्रुवारी, सकाळी साडेअकराची वेळ घेतली. आता वाटतं ते बरंच झालं. आठवड्याच्या मधल्या दिवशी दर कमी होता (माणशी ७००, शनिवार-रविवारी ९००) आणि गर्दीही कमी.

फोनवर आणखी एक गोष्ट कळली. न पिणाऱ्यांसाठी फक्त टूरचं ३५० रुपयांचं तिकीट होतं, पण ते ऑनलाइन फॉर्मवर दिसतच नव्हतं. नाना आणि गाडी चालवणारा भाऊ अशी दोन तिकिटं मी फोनवर घेतली, टेस्टिंगची दोन माझी आणि वहिनीची. मिळून २१०० रुपये. ४८ तासांच्या आत रद्द केलं तर पैसे परत नाहीत. टेस्टिंग घेणाऱ्यांनी वयाचा पुरावा मूळ स्वरूपात आणायचा, २१ वर्षांखालच्यांना टेस्टिंग नाही, असं मेसेजमध्ये लिहून आलं. मी तो मेसेज भावाला पाठवला. वहिनीनं मला वेगळा फोन करून विचारलं, "ताई, साडी चालेल ना? आणि फोटो गावच्या ग्रुपवर नाही ना जाणार?" मी तिला शब्द दिला आणि तो पाळला.

६ फेब्रुवारीला सकाळी वाकडेवाडीवरून नाशिकची ई-शिवाई पकडली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. चाकणला नेहमीप्रमाणे तासभर गेला. नारायणगाव मागं पडताना आठवलं की आपल्याकडच्या वाईनची एक मोठी सुरुवात इथलीच आहे. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात इथं शातो इंडाज ही वायनरी उभी केली होती आणि 'ओमर खय्याम' नावाची त्यांची फेसाळती वाईन परदेशात जायची. नाशिकचं नाव झालं ते नंतर, राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली तिथपासून. संगमनेर, सिन्नर करत दुपारी नाशिक आलं आणि भाऊ घ्यायला आला होता.

रात्री जेवताना नाना गप्पच होते. मला मात्र भलतीच धास्ती होती. तिथं सगळे इंग्रजीत बोलतील, ग्लास कसा धरायचा हे सगळ्यांना माहीत असेल, आणि आपण चौघं, त्यातले एक धोतर-टोपीतले, वेगळे दिसू. ही भीती मी कोणाला बोलून दाखवली नाही. ज्यांना अशीच भीती वाटते त्यांच्यासाठी आता लिहिते आहे.

सकाळी नऊला निघालो. नाशिक ओलांडून गंगापूर धरणाच्या बाजूला, सावरगाव रस्त्याला लागलो की दोन्हीकडे वायनऱ्यांच्या पाट्या दिसायला लागतात. फेब्रुवारीतली थंडी अजून होती, धरणावरून वारा येत होता. आम्ही गेलो त्या वायनरीचं नाव मी देत नाही, कारण पुढं थोडी तक्रारही लिहायची आहे, आणि एका ठिकाणच्या एका दिवसावरून कोणाचं मोजमाप होऊ नये.

तक्रार अशी. साडेअकराची वेळ असून टूर सव्वाबाराला सुरू झाली. आधीचा गट मोठा होता आणि आमच्या वेळेलाही जास्त नावं घेतली होती. पंचेचाळीस मिनिटं उन्हात, चार खुर्च्यांमध्ये वीसेक माणसं. मी काउंटरवर जाऊन सांगितलं की सोबत सत्तरी ओलांडलेले वडील आहेत, तेव्हा त्यांनी आतली खोली उघडून दिली. न सांगता कोणी विचारलं नसतं. म्हातारं माणूस सोबत असेल तर बुकिंगच्या वेळीच तसं कळवा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा.

माझी मोठी चूक म्हणजे न्याहारी. आईनं सकाळी भाकरी केली होती, पण जायच्या घाईत मी फक्त चहा घेतला. त्याचा त्रास पुढं झाला.

गाईड पंचविशीतला मुलगा होता, दिंडोरीकडचा. त्यानं इंग्रजीत सुरुवात केली. मी दोन मिनिटं थांबले आणि मग विचारलं, "मराठीत सांगाल का थोडं? वडिलांना समजायला हवं." त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला अजून आठवतं. गटात सुरतेचं एक जोडपं होतं, मुंबईची पाच-सहा मुलं होती; कोणीच हरकत घेतली नाही. पुढचा दीड तास अर्धा मराठीत आणि अर्धा हिंदीत झाला. विचारायला लाजू नका. तिथं काम करणारी बरीचशी माणसं आसपासच्या गावांतलीच आहेत.

टूर बागेतून सुरू होते. दारूच्या कारखान्यात चाललोय या समजुतीनं ताठ झालेले नाना पहिल्या ओळीपाशीच वाकून खोड बघायला लागले. "डॉगरिज?" त्यांनी विचारलं. गाईड म्हणाला, "हो नाना, खुंट डॉगरिजच, वर शिराझचं कलम." म्हणजे मुळं डॉगरिज जातीच्या वेलाची आणि वरचा वेल शिराझचा, लाल वाईनच्या काळ्या द्राक्षाचा. तिथून पुढं तो आमच्या गटाकडं कमी आणि नानांकडं जास्त बघून बोलत होता.

आमच्या बागा वाय पद्धतीच्या (इंग्रजी वाय आकाराच्या आधारावरच्या) किंवा मांडवाच्या. इथं वेल तारांवर उभे, भिंतीसारखे चढवलेले, आणि घड पार खाली, कमरेच्या उंचीवर. घडही एवढेसे, मणी वाटाण्याएवढे, गच्च दाटलेले. नाना म्हणाले, "याला जीए दिलेलं नाही." खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून आम्ही घड जिबरेलिक आम्लाच्या, म्हणजे जीएच्या, पाण्यात बुडवतो, विरळणी करतो, एकेका मण्याची जाडी मोजतो. वर्षभराची अर्धी मेहनत मणी मोठा करण्यात जाते. इथं सगळं उलटं. गाईडनं सांगितलं की वाईनचा रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो, गरात फार थोडा. मणी बारीक असेल तर रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून मणी लहान हवा आणि वेलावर मालही कमी हवा. "आम्ही एकरी चार-पाच टनांवर थांबवतो," तो म्हणाला. नानांनी माझ्याकडं बघितलं. आमच्याकडं त्याच्या दुप्पट निघतो. तो आकडा त्यांनी मनात कुठं ठेवला ते मला कळलं, कारण परतीच्या वाटेवर पहिला हिशोब त्यांनी त्याचाच केला.

छाटण्या मात्र त्याच: एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी बहाराची, म्हणजे फळासाठीची. जगात बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात वेल झोपतो आणि वर्षाला एकदाच छाटला जातो. आपल्याकडं तो झोपतच नाही, म्हणून दोनदा. माल हिवाळ्याच्या शेवटी येतो, त्यामुळं तोडणी बघायची असेल तर जानेवारी ते मार्च हेच दिवस. पावसाळ्यात बाग हिरवी, सुंदर दिसते, पण वेलाला घड नसतात आणि टाक्यांपाशी फारसं काही चाललेलं नसतं. आम्ही गेलो तेव्हा शिराझच्या काही ओळी तोडायच्या राहिल्या होत्या. तोडणी पहाटे करतात, कारण थंड माल आला की तो टाकीपर्यंत आंबत नाही.

गाईडनं एकेक मणी खायला दिला. गोड, अगदी साखरेसारखा, जाड सालीचा आणि बियांचा. मुंबईच्या मुलांनी बिया थुंकल्या. नानांनी बी दातांखाली फोडली, हातावर घेऊन बघितली आणि म्हणाले, "चार-पाच दिवसांत तोडा." गाईड थांबला. बी हिरवी असेल तर थांबायचं, तपकिरी होऊन करकरीत वाजली की माल तयार, हे तो आम्हाला पुढच्या वाक्यात सांगणार होता. आमचा माल बिनबियांचा, तरी हे नानांना कुठून माहीत? नंतर विचारलं तर म्हणाले, "आधी गावठी काळी द्राक्षं होती ना. बी बघूनच तोडायचो." मला हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

मग त्यानं काळा मणी चिमटीत दाबला. रस पांढरा. बारा महिने द्राक्षांत वाढलेल्या मला या गोष्टीचा अर्थ कधी लागला नव्हता. लाल वाईनचा लाल रंग सालीचा असतो. साल रसात ठेवून आंबवलं की लाल, साल आधीच वेगळी केली की पांढरी, आणि काही तासच ठेवून काढली की गुलाबी, ज्याला रोझे म्हणतात.

पुढचा भाग शेडमधला. जमीन ओली असते आणि आत चांगलाच गारवा, तेव्हा चपटे, न घसरणारे बूट आणि एखादी शाल न्या; वहिनीनं नानांचं उपरणं घेतलं. देठ काढणारं यंत्र, रस दाबून काढणारी आडवी टाकी, मग उंच स्टीलच्या टाक्या. या टाक्यांना बाहेरून दुहेरी भिंत असते आणि त्यातून थंड पाणी फिरतं. पांढरी वाईन १५ अंशांच्या आसपास हळूहळू आंबवतात, नाहीतर वास उडून जातो. लाल २५ च्या पुढं. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. टाकीच्या तोंडाशी वाकू नका असं त्यानं दोनदा बजावलं, कारण तिथं श्वास घ्यायला हवाच नसते. लहान मुलं सोबत असतील तर या भागात त्यांचा हात सोडू नका.

नानांनी ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, विचारला. आमच्याकडं माल तोडायला सतरा-अठरा ब्रिक्स पुरतो. इथं तेवीस-चोवीसपर्यंत थांबतात. गाईडनं सोपा हिशोब दिला: ब्रिक्सच्या निम्म्याहून थोडं जास्त तेवढं टक्के अल्कोहोल. तेवीस ब्रिक्स म्हणजे साधारण तेरा टक्के. बाटलीवर लिहिलेला आकडा बागेतल्या साखरेवरून येतो, वरून काही घातलेलं नसतं, हे ऐकून नाना बराच वेळ टाकीकडं बघत उभे राहिले. चोथ्याचं काय करता, हाही त्यांचाच प्रश्न. साल-बियांचं कंपोस्ट करून परत बागेत टाकतात.

लाकडी पिंपांची खोली अंधारी होती. २२५ लिटरचं एक पिंप. नानांनी तोंडी भागाकार केला: तीनशे बाटल्या. "सागाचं का नाही?" त्यांनी विचारलं. सागात तेल असतं, त्याचा वास उतरतो. ओकच्या लाकडातून हवा अगदी थोडी आत येते आणि वाईन मऊ होते, असं उत्तर मिळालं. या खोलीत फार वेळ थांबू देत नाहीत. फोटो काढू देतात, फ्लॅशशिवाय.

आता टेस्टिंग. पाच वाईन, प्रत्येकी ३० मिलीच्या आसपास. म्हणजे सगळं मिळून एक भरलेला ग्लास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मी सकाळपासून उपाशी होते आणि पहिला ग्लास मी पाण्यासारखा एका घोटात संपवला. तिसऱ्या ग्लासाला कपाळ गरम झालं, कान भरल्यासारखे वाटले, आणि मी घाबरले. वहिनीनं लगेच बिस्किटं आणि पाणी पुढं केलं. नंतर मी गाईडला सांगितलं, तर त्यानं टेबलावरच्या भांड्याकडं बोट दाखवलं. ते भांडं थुंकण्यासाठी किंवा उरलेलं ओतण्यासाठी असतं. कोणी वाईट मानत नाही. रोज पन्नास नमुने तपासणारी माणसं तसंच करतात. हे त्यानं सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगते. घोट घ्या, तोंडात फिरवा, नको असेल तर भांड्यात टाका. प्रत्येक ग्लास संपवायचा नसतो. जेवून जा, मध्ये पाणी प्या.

ग्लास दांड्याला धरायचा, कारण वाटीला धरला तर हाताच्या उबेनं वाईन तापते. पांढऱ्या कागदावर धरून रंग बघायचा. मग गोल फिरवायचा आणि नाक आत घालून वास घ्यायचा. त्या दिवशी मी अत्तर लावलं होतं आणि वहिनीच्या केसांत मोगऱ्याचा गजरा. दोघींनाही पहिल्या वाईनला मोगऱ्याखेरीज दुसरा वास येईना. वहिनीनं गजरा काढून पर्समध्ये ठेवला, तेव्हा कुठं जमलं.

क्रम हलक्याकडून जडाकडं असतो. पहिली फेसाळती. दुसरी सोविन्यों ब्लां, त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन, आणि गाईडनं विचारलं कशाचा वास येतोय. मुंबईची मुलं अवघड इंग्रजी नावं घेत होती. वहिनी हळूच मला म्हणाली, "ढोबळी मिरची चिरल्यासारखा येतोय." मी मोठ्यानं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर, ढोबळी मिरचीत जो वासाचा पदार्थ असतो तोच या द्राक्षात असतो." त्यानंतर वहिनीची भीड गेली. शेनिन ब्लांला ती पिकलं अननस म्हणाली, शिराझला काळी मिरी, आणि मिरीलाही तसंच शास्त्रीय कारण निघालं. स्वयंपाकघरात वीस वर्षं काढलेल्या बाईचं नाक हे. आपल्याला वाईनचे शब्द येत नाहीत म्हणून जे गप्प बसतात त्यांनी आपले शब्द वापरावेत. लाल वाईननं जीभ धरते, हिरड्या सुकतात, त्यासाठी इंग्रजीत टॅनिनचं लांबलचक वर्णन चाललं होतं. आपल्याकडं तुरट हा शब्द आहे. कच्चं जांभूळ खाल्लेल्या कोणालाही ते समजावून सांगावं लागत नाही.

मला स्वतःला शेनिन ब्लां आवडली, किंचित गोड होती. शिराझ आवडली नाही, पण शेवटी चीजच्या तुकड्याबरोबर परत चाखली तेव्हा ती बदलल्यासारखी वाटली. नाना पूर्ण वेळ आमच्या टेबलाशी बसले होते. त्यांच्यापुढं द्राक्षाचा रस होता. त्यांना कोणीही आग्रह केला नाही. एकदा मात्र त्यांनी माझा शिराझचा ग्लास उचलला, वास घेतला, आणि खाली ठेवला. काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

नंतर दुकानात नेतात आणि तिथं घाई होते. घ्यायलाच हवं असं काही नाही. मी दोन बाटल्या घेतल्या, दोन्ही मिळून २००० रुपये. बिलं दोन मिळाली, कारण वाईनवर जीएसटी नाही, व्हॅट आहे, जेवणावर जीएसटी. बिल बाटलीसोबत ठेवा, वाटेत कोणी विचारलं तर दाखवता येतं. सुरतेचं जोडपं तिथून सापुताऱ्याला जाणार होतं. त्यांनी बाटल्या घेतल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. सापुतारा गुजरातमध्ये आहे, गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आणि नाशिकहून हद्द फार लांब नाही. तिकडं जायचा बेत असेल तर आधी सापुतारा करा आणि मग वायनरी. आणखी एक: फेब्रुवारीच्या दुपारीही बंद गाडीत बाटली तापते. आम्ही ओल्या टॉवेलात गुंडाळून सीटखाली ठेवल्या.

जेवण तिथंच घेतलं, चौघांचे १९०० झाले. महाग वाटलं. नाशिक गावात परत येऊन जेवलो असतो तर निम्म्यात झालं असतं, पण नाना दमले होते. तिकिटं, जेवण, बाटल्या मिळून ६००० रुपये, पेट्रोल वेगळं. गाडी चालवणाऱ्यानं काहीही चाखायचं नाही, हे आम्ही घरूनच ठरवलं होतं. टेबलावर बसल्यावर ठरवायला जाल तर जमणार नाही.

निघताना दारापाशी नानांनी गाईडला शेवटचा प्रश्न विचारला. "पोरा, माल चांगला आला आणि तुमच्या साहेबांना नको झाला, तर आम्ही काय करायचं?" बाजारात हा माल खपत नाही. बारीक, बियांचा, जाड सालीचा मणी खायला कोण घेणार? थॉमसनचा भाव पडला तरी निदान बेदाणा होतो. गाईड खरं बोलला. म्हणाला, "नाना, ते माझ्या हातात नाही. करारात काय लिहिलंय ते बघा आणि खरेदीच्या साहेबांना हेच विचारा." त्यानं खरेदी विभागाचा नंबर लिहून दिला.

परतीच्या वाटेवर नानांनी भावाशी या विषयावर बोलायला सुरुवात केली, जवळजवळ दोन महिन्यांनी. माळेचा विषय निघाला नाही. एकरी पाच टन, किती वर्षांचा करार, दर ठरलेला की बाजाराप्रमाणे, रोपांचा खर्च कोणाचा, भुरी आणि डाऊनी या रोगांसाठीच्या फवारण्या किती कमी होतील, तोडणीची तारीख कोण ठरवणार. भाऊ गाडी चालवत उत्तरं देत होता, काहींची त्याच्याकडं नव्हती. मी मागच्या सीटवर ते प्रश्न मोबाइलमध्ये लिहून घेतले. सोळा झाले.

१८ फेब्रुवारीला दोघं खरेदी विभागात जाऊन आले. अडीच तास बसावं लागलं, पण भेट झाली आणि कराराचा मसुदा हातात मिळाला. तो अकरा पानांचा आहे आणि पूर्ण इंग्रजीत. नानांनी सांगितलं की मराठीत वाचल्याशिवाय सही होणार नाही, म्हणून रोज ऑफिसातून आल्यावर मी एकेक पान उतरवून पाठवते. काल सातव्या कलमापर्यंत आले. माल नाकारण्याच्या अटी तिथं आहेत, आणि त्यातली एक ओळ मलाही नीट कळलेली नाही. ती एका वकील मैत्रिणीला दाखवायला ठेवली आहे.